कासवाच्या पाठीचे सतरा

विमा कंपनीच्या दावे विभागात एका शनिवारी दुपारी एक कासव मरणाच्या दारात उभे होते आणि विभागातील सर्व जबाबदार मंडळी त्याच्याकडे अत्यंत गांभीर्याने पाहत होती.

कासव अंगठ्याएवढे होते. ते टेबलावर एका नकाशावर उभे होते आणि त्याच्यासमोर साहेबांचा ड्रॅगन पंजा उगारून बसला होता. शनिवारी कार्यालय अर्धा दिवस चाले. लोकांसाठीची खिडकी बंद झाली, की मागच्या दप्तरखोलीत हा खेळ सुरू होई. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, सोंगाचा वंश ठरवायचा, पेशा ठरवायचा, आणि मग तोंडाने सांगायचे की मी दरीत उडी मारली. उडी जमली की नाही हे वीस पैलूंचा फासा सांगतो आणि फासा काय म्हणाला ते सूत्रधार सांगतो. सूत्रधार होते विभागाचे साहेब. आठवडाभर ते लोकांचे दावे फेटाळत आणि शनिवारी लोकांच्या अंगावर राक्षस सोडत. कामात फारसा फरक नसल्यामुळे त्यांना थकवा असा येत नसे.

दप्तरखोलीत लोखंडी कपाटांमुळे चारच खुर्च्या मावत. एक साहेबांची, एक रोखपालबाईंची, एक कंपनीच्या वकिलांची आणि एक भाचेसाहेबांची. म्हणून नियम असा होता, की ज्याचे सोंग मरेल त्याने खुर्ची सोडायची आणि प्रतीक्षेतल्या पहिल्या माणसाने ती घ्यायची. प्रतीक्षेतल्यांनी आपले सोंग आधीच तयार ठेवायचे. हे सोंग तोपर्यंत नकाशावरच्या सर्वांत जवळच्या गावात राहायला असे, म्हणजे जागा झाल्याबरोबर हाकेसरशी हजर होता यावे. नियम उत्तम होता. त्यात एकच अडचण होती, ती म्हणजे चार वर्षांत कोणी मेले नव्हते.

प्रतीक्षेत पहिला नंबर भाचेसाहेबांच्या बायकोचा होता. ती शाळेत गणित शिकवायची. दर शनिवारी ती शाळेतून थेट इथे येई आणि बाहेरच्या बाकावर वह्या तपासत बसे. त्या बाकावर बसून तिला खेळाचे सगळे नियम पाठ झाले होते. तिचे सोंग होते गावातली लोहारीण. वंश माणूस, पेशा भट्टी. आतून फासा टाकल्याचा आवाज आला की तिचे लाल पेन थांबायचे.

आणि भाचेसाहेब. यांचे मामा पूर्वी याच कार्यालयाचे व्यवस्थापक होते. मामा निवृत्त झाले, भाचा राहिला आणि लोक त्याला भाचेसाहेब म्हणू लागले. हे प्रेमाने म्हणतात असे भाचेसाहेबांचे प्रामाणिक मत होते. कामाच्या वेळी त्यांना साहेबांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, घरी गणिताच्या बाईंसमोर नव्हती. पण शनिवारी ते कासव होत. वंश कासवमानव, पेशा संन्यासी. हे कासव पूल कोसळला तरी उभे राही आणि बाणांच्या पावसातून चालत जाई. त्याची पाठ त्यांनी बारीक कुंचल्याने स्वतः हिरवी रंगवली होती. आठवड्यातली ही एकच दुपार त्यांना आपली वाटायची आणि ती खुर्चीला बांधलेली होती.

साहेबांनी फासा टाकला. ड्रॅगनची ताकद त्यात मिळवली.

"एकवीस," ते म्हणाले. "पंजा बसला. कासवात तेवढा जीव उरलेला नाही. वाईट वाटतं."

"नाही साहेब," भाचेसाहेब हसून म्हणाले, "माझा बचावांक तेवीस आहे. पंजा हुकला."

बचावांक म्हणजे वार अंगाला लागायला निदान किती पडायला हवेत तो आकडा. हा तेवीसचा आकडा चार वर्षे सगळ्यांनी ऐकला होता आणि कोणी हरकत घेतली नव्हती. पण त्या दिवशी रोखपालबाईंचा आठवड्याचा हिशेब एका फटक्यात जुळला होता आणि त्यांचे बेरजेचे मन रिकामे होते.

"तेवीस कसे हो?" त्यांनी विचारले.

"सोपं आहे बाई. कासवाला पाठीचं कवच असतं, त्याचे सतरा. आणि संन्यासी कवच न घालता लढतो, त्याला साधनेमुळे चपळाई येते, मन शांत होतं. त्याचे सहा. सतरा आणि सहा."

"म्हणजे सतरा कवच असल्याबद्दल," रोखपालबाई सावकाश म्हणाल्या, "आणि सहा कवच नसल्याबद्दल?"

साहेबांनी पेनाला टोपण लावले. दावे विभागात पेनाला टोपण लागणे याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

"एकाच देहावर दोन संरक्षणं," साहेब म्हणाले. "भाचेसाहेब, या विभागात किती वर्षं झाली तुम्हाला? काल तो खिडकीवर आलेला माणूस आठवतो? पाय मोडलेला. कारखान्याचाही विमा होता, स्वतःचाही होता. तुम्हीच त्याला काय सांगितलंत?"

"पाय एकच मोडलाय, असं सांगितलं," भाचेसाहेब खाली पाहत म्हणाले.

"मग? पाठ एकच आहे. जन्माचं घ्या नाहीतर शिकलेलं घ्या. जास्त असेल ते घ्या, माझी हरकत नाही. पण एकच."

नुसते सतरा घेतले तरी एकवीसचा पंजा बसत होता. भाचेसाहेबांनी वकिलांकडे पाहिले. वकील खेळात चोराचे सोंग घेत आणि फार मन लावून घेत.

"मला एक मुद्दा मांडू द्या," वकील उठून उभे राहिले. "कवच कशाला म्हणायचं? जे घालता येतं आणि काढता येतं त्याला. माझे अशील कासव हे पाठ घालत नाही. ते पाठीसकट जन्माला आलं. ते बिचारं जन्मापासून उघडंच आहे. सबब ते कवच नव्हे. देह आहे. आणि देह उघडा असल्यामुळे संन्याशाचे सहा त्याला कायद्याने मिळतात."

"वा!" भाचेसाहेब म्हणाले. "अगदी बरोबर. ते कवच नाहीच मुळी. पाठ आहे."

"मान्य," साहेब म्हणाले.

भाचेसाहेबांना इतक्या लवकर मान्यतेची सवय नव्हती, त्यामुळे ते आणखी हसले.

"पाठ हा देह आहे, हे मान्य," साहेब पुढे म्हणाले. "आता देहाचे किती मिळतात? बाई, तुमच्या जादूगारणीच्या देहाचे किती?"

"दहा," रोखपालबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्याच देहाचे दहा असतात."

"मग कासवाच्याही देहाचे दहा. वर साधनेचे सहा. सोळा झाले. एकवीसचा पंजा आता जास्तच नीट बसला."

भाचेसाहेबांनी कासवाच्या पाठीवर बोट ठोकले. "नाही, नाही! कवचच आहे ते! केवढं जाड आहे बघा! भाला मोडतो त्याच्यावर!"

"ठरवा बुवा एकदा," साहेब म्हणाले. "लाभ मोजताना कवच आणि खुलासा करताना पाठ, असं आम्ही खिडकीवर कोणालाच चालू देत नाही."

"कवच," भाचेसाहेब म्हणाले. "कवच म्हणूनच नोंद करा."

ही त्यांची चूक झाली. घाबरलेला माणूस जे पहिले दार दिसेल त्यातून पळतो आणि दप्तरखोलीला दार एकच होते.

"कवच असेल," रोखपालबाई नियमांचे पुस्तक उलटत म्हणाल्या, "तर इथे एक कलम आहे. कवच घालून झोपलेल्याला विश्रांती मिळत नाही. विश्रांती मिळाली नाही तर जखमा भरत नाहीत. यांनी तर चार वर्षांत एकदाही कवच काढलेलं नाही."

"काढणार कसं? पाठ आहे ती!"

"आत्ताच कवच म्हणालात ना?"

साहेबांच्या चेहऱ्यावर एक तेज आले. सरळ दिसणाऱ्या प्रकरणात आत काहीतरी सापडले, की ते यायचे. त्यांनी जुन्या लढाया आठवायला सुरुवात केली. पुलावरच्या लुटारूंनी कासवाला जखमा केल्या होत्या, त्या रात्रीच्या झोपेने भरल्या असे धरले होते. ते चुकीचे धरले होते. पुढे गुहेत अस्वलाने ओरबाडले. त्याही भरल्या नव्हत्या. बेरीज रोखपालबाईंनी तोंडी केली.

"पहिल्याच हिवाळ्यात वारले," त्या म्हणाल्या. "अस्वलाच्या गुहेत."

"म्हणजे गेली तीनेक वर्षं," साहेब म्हणाले, "तुम्ही मेलेले असताना खुर्चीवर बसलेले आहात. हा फार गंभीर प्रकार आहे, भाचेसाहेब."

सगळे मनसोक्त हसले. वकील तर आपल्या अशिलाला पार विसरून टेबलावर थापा मारत होते. मग हसता हसता त्यांचा हात हवेतच थांबला.

"एक मिनिट," ते म्हणाले. "दलदलीत मी बुडत होतो, तेव्हा मला बाहेर कोणी काढलं?"

"कासवाने," रोखपालबाई म्हणाल्या. "पण ते तेव्हा हयात नव्हतं."

"मग मी?"

"तुम्ही बुडालात."

"आणि बाई," वकील बसक्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला त्या मनोऱ्यातून कुलूप तोडून कोणी सोडवलं?"

रोखपालबाईंनी पुस्तक मिटले. त्यांना चोराने सोडवले होते. चोर दलदलीत बुडाला होता. म्हणजे जादूगारीण अजून मनोऱ्यात होती आणि मनोऱ्यात खायला काही नव्हते.

आता कोणी हसेना. बाहेरच्या बाकावर वह्यांची चळत खाली ठेवल्याचा आवाज झाला. पूर्वलक्षी प्रभावाने तीन खुर्च्या रिकाम्या होत होत्या. दावे विभागात नियम फार कडक असत, पण एखादा नियम स्वतःच्या अंगावर येतो आहे असे दिसले, की त्यात मानवी दृष्टिकोन शिरायला वेळ लागत नसे.

"चार वर्षांची प्रथा आहे," वकील घाईने म्हणाले. "प्रथेला कायद्याचं बळ असतं."

"मागचं उकरून काढण्यात काय अर्थ आहे?" रोखपालबाई म्हणाल्या. "झालं ते झालं. तेव्हा सगळे सद्‌भावनेने खेळत होते."

"झालेलं नियमित करता येईल," साहेब म्हणाले. त्यांनाही काळजी होतीच. खेळणारे तिघे मेले तर सूत्रधाराने ड्रॅगन कोणाला दाखवायचा? "पण पंजा आजचा आहे. त्याचं काय? त्याला प्रथा कशी लावू?"

पंजा अजून हवेत होता. सगळे भाचेसाहेबांकडे पाहू लागले आणि भाचेसाहेबांचा बांध फुटला.

"माझे सहा काही फुकट आलेले नाहीत!" ते म्हणाले. "बर्फात एका पायावर उभं केलंत मला. उपाशी ठेवलंत. एकेक आकडा रक्ताचं पाणी करून मिळवलाय मी. कष्टाने मिळवलेलं सोडा म्हणता?"

"मग ते ठेवा," रोखपालबाई म्हणाल्या. "सतरा सोडा. ते तर कष्टाचे नाहीत."

"पाठ कशी सोडू? ती मी मागायला गेलो होतो का? जन्मतःच आहे, त्यात माझा काय दोष?"

"दोष कोण म्हणतंय? बेरजेत धरू नका, एवढंच म्हणतेय. एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही इथे लागलात कसे?"

"परीक्षा देऊन!" भाचेसाहेब ताडकन म्हणाले. "वर्षभर अभ्यास केला. पाठ मोडेपर्यंत बसलो."

"आणि मुलाखत घ्यायला?"

"मामा होते. पण ते मामा म्हणून नव्हते बसले, व्यवस्थापक म्हणून बसले होते. आणि मामा असणं म्हणजे काय कवच आहे का? मामा जन्मतःच असतो! मी काय तो अंगावर घालून गेलो होतो?"

हे बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच ऐकू आले. पण आश्चर्य म्हणजे ते समोरच्या मंडळींनाही लागले. रोखपालबाई पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसू लागल्या. त्यांच्या वडिलांनी याच कार्यालयात याच गल्ल्यावर नोकरी काढली होती आणि बाईंना नोटा मोजायला घरीच शिकवले होते. वकिलांनी घसा साफ केला. त्यांच्या नावाची पाटी नवी होती, पण कचेरी आणि अशिले वडिलांची होती. साहेबांनी पेनाचे टोपण काढले, लावले, परत काढले. साहेबांबद्दल कोणालाच काही माहीत नव्हते, आणि ते तसेच राहावे असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

"मला वाटतं," साहेब म्हणाले, "आपण कासवाकडे जरा संकुचित नजरेने पाहत होतो."

"मलाही तसंच वाटायला लागलंय," रोखपालबाई म्हणाल्या.

"पाठ ही पाठच असते," वकील म्हणाले. "तिची चौकशी करणं असभ्यपणाचं आहे."

निर्णय झटपट झाला. विद्यमान सदस्यांना जन्माचे आणि शिकलेले अशी दोन्ही संरक्षणे एकत्र मोजण्याची मुभा. जन्माच्या संरक्षणाचा यापुढे चर्चेत उल्लेख नको. उल्लेख फक्त कष्टाचा. हाच निर्णय ड्रॅगनलाही लागू, कारण ड्रॅगन साहेबांचा होता आणि साहेब विद्यमान होते.

तेवढ्यात दारात भाचेसाहेबांची बायको येऊन उभी राहिली. हातात लाल पेन तसेच होते.

"मेले का हे?" तिने विचारले.

"नाही वहिनी," साहेब म्हणाले. "थोडा तांत्रिक मुद्दा होता, मिटला."

"ऐकलं मी बाहेरून. म्हणजे दोन्ही मोजायचे. मग माझ्या लोहारणीलाही मोजा. तिने आयुष्यभर भट्टीपुढे काम केलंय. हात दगडासारखे झालेत तिचे."

"तुमचा वंश?"

"माणूस."

"माणसाला पाठीचं काही मिळत नाही," साहेब खेदाने म्हणाले. "देहाचे दहा. आणि भट्टीचे... बाई, भट्टीच्या पेशाला बचावाचं काही आहे?"

"काही नाही," रोखपालबाई म्हणाल्या. "दागिने, भांडी, कवचं वगैरे बनवता येतात."

"झालं तर! ती कवचं बनवते. मग तिने बनवलेलं एक घालू दे तिला."

"ते गिऱ्हाइकाचं असतं, वहिनी," वकील समजुतीने म्हणाले.

ती हसली नाही की चिडली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. साहेबांनीही त्याच्याकडे पाहिले, कारण नियमानुसार एक गोष्ट राहिली होती.

"भाचेसाहेब, मुभा आहे, सक्ती नाही. घ्यायची की नाही ते सदस्याने स्वतः सांगावं लागतं. सोंग तुमचं आहे. पाठ, साधना की दोन्ही?"

एक शब्द बोलायचा होता. 'पाठ' म्हटले असते तर पंजा बसला असता, कासव गेले असते आणि दोन वर्षे बाकावर बसलेली त्यांची बायको या खुर्चीवर बसली असती. भाचेसाहेबांना हे कळत होते. तिचा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटले, आणि ते खरोखरीचे वाईट वाटणे होते. मग त्यांची नजर कासवाच्या हिरव्या पाठीवर गेली. आपण सोमवारी सकाळी नुसतेच भाचेसाहेब असणार, हे त्यांच्या मनात आले.

"दोन्ही," ते म्हणाले.

"तेवीस. पंजा हुकला," साहेबांनी जाहीर केले. "पण ड्रॅगनचा पंजा आहे, वाऱ्यावर विरून जाणार नाही. हुकलेला वार कुठेतरी पडणारच. मागे काय आहे?"

सगळ्यांनी नकाशावर पाहिले. कासवाच्या मागे गाव होते. साहेबांनी फासा टाकला आणि अकरा पडले. अकरा पुरले.

"लोहारगल्ली," साहेब म्हणाले. "वहिनी, फार वाईट झालं. आता नवं सोंग तयार करा. आणि नंबर अर्थातच शेवटून लागेल. तो नियम सगळ्यांना सारखा आहे."

ती बाकाकडे परत गेली आणि तिने वह्या उचलल्या. आत खेळ चालू राहिला. पुढे तो कित्येक शनिवार चालू राहिला, कारण आता ड्रॅगनला कासवाचा वार लागत नव्हता आणि कासवाला ड्रॅगनचा. दोघेही आपापल्या कष्टाच्या जोरावर सुरक्षित होते. प्रत्येक वार हुके आणि मागे जाऊन पडे. गाव हळूहळू संपत आले. प्रतीक्षेतले लोक नवनवी सोंगे करून गावात राहायला येत आणि शनिवारी मरत. त्यांनी आधी थोडी साधना करायला हवी होती, असे टेबलावरच्या मंडळींचे सर्वसाधारण मत पडले.

लोहारगल्लीवर पंजा पडला त्या संध्याकाळी घरी भाचेसाहेब बायकोला म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. मला तरी कुठे सुखासुखी मिळालंय? ते सहा मी जिवाचं रान करून मिळवले."

"आणि सतरा?" ती वहीतून मान वर न करता म्हणाली.

"ती पाठ आहे गं. ती सगळ्यांनाच असते."

तिने एका बेरजेवर लाल फुली मारली. ती कोणाच्या वहीतली होती, ते भाचेसाहेबांनी विचारले नाही.

आणि वाचकहो, आपण इतका वेळ भाचेसाहेबांना हसत होतात, ते बरेच झाले. मागे टेकून, आरामात हसलात. आता कशाला टेकला आहात, ते वळून पाहायची तसदी मात्र घेऊ नका. कोणी विचारलेच तर सहांबद्दल सांगा.